हळदीचं धोतर

चुलीवरचं पातेलं मी अजूनही फडक्याशिवाय उतरवते. घरातल्या सुना "अवं, हात भाजन ना!" म्हणून धावत येतात. भाजत नाही. राखेच्या पाण्यात, सोड्यात आणि उकळत्या हंड्यात जिचे हात उभी हयात बुडाले, तिच्या बोटांना गरम काय नि गार काय. कातडी कधीच मेली आहे. लोकांना याचं मोठं कौतुक वाटतं. मला त्याचं काही वाटत नाही. पण काही वाटत नाही अशा गोष्टींची माझ्याकडे रासच पडलेली आहे, तेव्हा माझं म्हणणं कोणी फार मनावर घेऊ नये.

मी लग्न होऊन आले ते जऊळक्याच्या स्टेशनापासून बैलगाडीनं आत असलेल्या एका खेड्यात. शेतीवाडीचं खातंपितं घर. पुरुषांची धोतरं, बंड्या, फेटे, बैठकीतल्या गादीवरच्या चादरी, लोडांचे अभ्रे, सगळं पांढरं. आमच्याकडे कापूस पांढरा आणि माती काळी. त्या काळ्या मातीत पांढरं धोतर नेसून हिंडायचं हे ज्या कोणा पुरुषाच्या डोक्यातून निघालं, त्यानं आपलं धुणं कधी स्वतः धुतलेलं नसणार.

माझं माहेर कामरगावचं. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. परीट घरी येऊन गाठोडं न्यायचा आणि घडी घातलेले कपडे आणून द्यायचा. मधल्या वेळात त्या कपड्यांचं काय होतं, हे मला लग्नापर्यंत ठाऊक नव्हतं. सासरी आले तर तिथे पांढरं कापड उंबऱ्याबाहेर जातच नव्हतं. माझ्या सासूबाईंचा, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, परटावर काडीचा भरवसा नव्हता. तो कापड बडवून त्याचा जीव घेतो आणि वर कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करतो, असं त्यांचं म्हणणं. बिब्ब्याचा डाग कापड फाटलं तरी जात नाही. आत्याबाईंना न जाणारा डाग खपत नसे.

त्यांच्या पांढऱ्याची आजूबाजूच्या गावांत ख्याती होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तारखेला वाशीमच्या कोर्टात गेले की तिथली माणसं विचारायची, धोतर कुठल्या भट्टीतून आणता. मामंजी घरी येऊन हे सांगत. आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत, आणि त्या दिवशी भाजीत तेल जरा सढळ पडे.

मला त्यांनी बसवून असं काही शिकवलं नाही. मी बघत गेले. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून उरलेली राख चाळायची, तळाला भोक असलेल्या मडक्यात भरायची, वरून पाणी ओतायचं आणि खाली थेंब थेंब गळणारं निवळ पाणी घंगाळात धरायचं. त्याला खार म्हणायचं. तो हंड्यात ओतायचा, बाजारातला सोडा त्यात टाकायचा आणि त्यात कपडे शिजवायचे. पण त्याच्याही आधी फार मळलेले कपडे मेंढ्यांच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात भिजत घालायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ओकारी आली. आत्याबाई म्हणाल्या, "पांढरं पायजे न तुले? मंग नाकाले सांग, गप ऱ्हा म्हना."

नाक गप्प राहिलं. मग कपडे उन्हात पसरायचे, वाळत आले की पाणी शिंपडायचं, परत वाळू द्यायचे. शेवटी निळीचं पाणी आणि भाताच्या पेजेची खळ. एवढं झालं की कापडाला ती झळाळी यायची, जिच्याकडे बघून मामंजी फुगायचे.

डागांचं शास्त्र वेगळं. रक्ताला गार पाणी. गरम लागलं की ते घर करून बसतं. गाडीच्या वंगणाला आधी गोडं तेल चोळायचं आणि मग राख. शाईला आणि गंजाला लिंबू-मीठ, पानाच्या पिंकेला आंबट दही. केळीचा चीक असेल तर हात जोडायचे आणि ते कापड घरात वापरायला ठेवायचं. हे सगळं करता करता घरातली माणसं कळत जातात, नको इतकी कळतात. मामंजींनी पान सोडल्याचं साऱ्या गावाला सांगितलं होतं, आणि त्यांच्या बंडीच्या खिशात दर खेपेला लाल ठिपका निघायचा. मी दही लावायची आणि गप्प बसायची. पुढे कधीतरी लक्षात आलं, आत्याबाईही इतकी वर्षं तेच करत होत्या.

हळदीचा डाग मात्र या सगळ्यांत न्यारा. हळदीला खार किंवा साबण लागला की ती लालभडक होते. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. आणि जायची म्हणाल तर ती फक्त उन्हानं जाते, आपली आपण, हळूहळू. हे त्या गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. हळदीला चुना देऊनच तर कुंकू करतात. म्हणून नवरदेवाला ज्या धोतरावर हळद लागते ते धोतर आमच्या घरात खारात घालायचं नाही, अशी रीत होती. साध्या पाण्यातून पिळून काढायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. नवरदेवाच्या अंगावरच्या हळदीचं लाल झालेलं कोणी बघायचं नाही.

मला ही रीत कोणी सांगितली नव्हती. आमच्या लग्नाच्या धांदलीत कोण सांगणार? घर पाहुण्यांनी भरलेलं, परसात चुलाणावर हंडा उकळत होता, आणि आत्याबाई एकाच वेळी पंगत, रुसवे आणि धुणं सांभाळत होत्या. त्यांनी ओसरीवरचं एक गाठोडं उचललं, गाठ सोडली आणि सगळंच्या सगळं हंड्यात ओतलं. त्यात यांचं हळदीचं धोतर होतं. मी शेजारीच उभी होते, मी ते पिवळं खाली जाताना पाहिलं. आत्याबाईंनी माझ्या हातात काठी दिली, "ढवय वं," म्हणाल्या आणि पंगत बघायला आत गेल्या.

मी ढवळत होते तेवढ्यात मामंजींच्या थोरल्या बहीण, माझ्या आतेसासू, परसात आल्या. त्यांना दिलं होतं वाशीमला, पण त्यांचा जीव भावाच्याच घरात असे आणि तिथे त्यांचा शब्द मामंजीही मोडत नसत. मी काठी वर उचलली आणि तिच्यावर ते धोतर आलं. लाल. रक्तात बुचकळून काढल्यासारखं.

"आवो माय वं!" आतेसासू ओरडल्या. "नवरदेवाची हयद उकयली वं या पोरीनं!"

आत्याबाई धावत आल्या. त्यांनी हंड्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "लिंबं आन."

आम्ही दोघींनी लिंबं पिळली. लाल गेलं, पिवळं आलं, मग ते उन्हात टाकलं. बरंच उतरलं, पण काठाजवळ गुलाबी झाक राहिली ती राहिलीच. यांना ते कळलं तेव्हा हे हसले. दिवसा आमचं बोलणं होत नसे, पण माजघरातून जाता जाता हे माझ्याजवळ थबकले आणि म्हणाले, "मायं धोतर तं लाजलं. तू कवा लाजशीन?" मला इतकं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. तेव्हा मला हसू येत असे. गुलाबी झाकेचं ते धोतर हे घरात आवडीनं नेसायचे, आणि मी समोर असले की मुद्दाम काठ झटकायचे.

त्याच साली कापूस वेचणीच्या दिवसांत यांना ताप भरला. आधी साधा वाटला. मग वाशीमला न्यायचं ठरलं, गाडी जुंपली, पण गाडीत घालायची वेळच आली नाही.

कोणीतरी ओल्या पदरानं माझं कुंकू पुसलं. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं, की कुंकवाला आधी कोरडं कापड लावायचं असतं, ओलं लावलं की पसरतं. दुसरं काही आलं नाही. बायका रडत होत्या, मी त्यांच्या पदरांकडे बघत होते. कोणाचा खळ घातलेला, कोणाचा चुरगळलेला. ते गुलाबी काठाचं धोतर यांच्याबरोबरच गेलं.

बायकांच्या त्या घोळक्यात आतेसासू म्हणाल्या, "म्या तवाच म्हनलं होतं. हयदीचं रगत केलं या पोरीनं."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून नवऱ्याची हळद उकळणारी ती मी, असं ठरलं. ज्या बायका हे ठरवत होत्या त्यांच्या कपाळावर चुना दिलेली तीच हळद होती, पण असल्या वेळी हे कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही, फार पुढे आलं.

आमच्यात पाट लागत नसे, विधवेचं दुसरं लग्न होत नसे. मला बिनकाठाचं पांढरं लुगडं मिळालं आणि घरचं सगळं पांढरं माझ्याकडे आलं. वर्षं गेली. कशी गेली म्हणाल तर वाळत घालून आणि गोळा करून गेली. आईवडील वारले. गल्लीत कोणाचं लग्न निघालं की मला तिकडे फिरकू द्यायचे नाहीत, पण लग्न झालं की डाग पडलेली उपरणी आणि चादरी मागच्या दारानं माझ्याकडे यायच्या. माझ्या हाताला डाग चालायचे, हळद चालत नसे. मी डाग काढून द्यायची. "हात गुनाचा हाय बाई तुवा," असं मागच्या दारी म्हणणाऱ्या बायका पुढच्या दारी मला बघून बाजूला व्हायच्या. मी त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. सोडलं म्हणण्यापेक्षा ते आपणच सुटलं, बोटांतून गरम-गार सुटलं तसंच.

आत्याबाई आणि मी एकाच हंड्याशी काम करायचो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, मध्ये पिळलेली चादर. नीळ किती, खळ किती, एवढंच बोलणं. त्या गोष्टीचा शब्द त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. राग आला होता का? सुरुवातीला आला असणार. पण मला एक दिसत होतं. मी टाकलं, असं त्या म्हणाल्या असत्या, तर त्यांच्या हिशेबानं त्याचा अर्थ इतकाच होता, की माझ्या लेकाला मी माझ्या हातानं मारलं. ते आईनं कसं म्हणावं? त्यापेक्षा सुनेच्या अंगावर गेलं ते बरं, असं त्यांनी ठरवलं असेल, किंवा काहीच ठरवलं नसेल आणि नुसतं बोलणं झालं नसेल. मी त्यांना दोष दिला नाही. माफही केलं नाही. धुणं वाट बघत असायचं.

मी आले तेव्हा धाकटे दीर अगदी पोरगेलेसे होते. कैऱ्या पाडायचे आणि सदऱ्याला चीक लावून माझ्यासमोर उभे राहायचे, "वयनी, हे काढून दे, नाईतं माय मारते." त्यांच्या लग्नाचं निघालं तेव्हा लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलमध्ये गेलेलं, चांगल्या धोतरजोडीसाठी ओळखीपाळखी काढाव्या लागत. मुलगी ठरली, दिवस ठरला, आणि आतेसासू वाशीमहून येऊन बैठकीत बसल्या.

"नव्या नवरीवर हिची सावली नोको," त्या म्हणाल्या. मी दारामागेच होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. "एकाची हयद उकयली. दुसऱ्याची उकयाची वाट पायता काय? हिले भावाकडे पोचवा. आन परत आनू नोका."

मामंजी थकले होते. ते "बरं" म्हणाले. दीर म्हणाले, "वयनी गेली तं मायं धोतर कोन धुईन?" आणि सगळे हसले, जसं काही ते चेष्टेनंच बोलले होते. आत्याबाई उठून चुलीकडे गेल्या.

भावाला निरोप गेला. भावाचा निरोप आला: पाठवा, काही हरकत नाही, फक्त घर लहान आहे आणि बायकोची तब्येत बरी नसते. त्या निरोपाचा अर्थ मला कळला. आई गेली तेव्हा मी कामरगावला गेले होते, तेव्हा मला दुकानामागच्या गोदामात गुळाच्या ढेपांजवळ अंथरूण दिलं होतं. वहिनी जेवायला हाक मारायची, पण सगळ्यांचं आटोपल्यावर. आता तिथे उरलेला जन्म काढायचा होता, आणि म्हातारपण अजून लांब होतं. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तरी भीती अशी काही वाटली नाही. मी फक्त माझी दोन लुगडी खार देऊन, नीळ देऊन, चांगली पांढरी करून ठेवली. भावाच्या घरी मळकं जायला नको.

ताबडतोब मात्र कोणी पाठवलं नाही. लग्नाच्या घराला पांढऱ्या चादरी लागतात, आणि लग्न झाल्यावर त्या धुवाव्याही लागतात. तेव्हा असं ठरलं की मी परसाच्या बाजूला राहायचं, मांडवात यायचं नाही, आणि लग्नाचं धुणं उरकलं की निघायचं. सावली वाईट, पण धुणं चांगलं. मी मांडवातली वाजंत्री हंड्याशेजारून ऐकली.

धुण्याचा दिवस आला. सकाळी गाडी दारात आणून उभी केली होती, बैल कडबा खात होते, कारंज्याकडे जाणारी वाट धरायची आणि मध्ये कुठेतरी मुक्काम करायचा असं गाडीवानानं सांगितलं. माझं बोचकं ओसरीच्या खांबाला टेकवलेलं. परसात मी शेवटच्या चादरी शिजवत होते. दिरांचं हळदीचं धोतर आतेसासूंनी आपल्या हातानं साध्या पाण्यातून काढून पुढच्या दोरीवर घातलं होतं, आणि माझा हात तिथवर पोचू नये म्हणून त्या स्वतः ओसरीवर पाट टाकून राखणीला बसल्या होत्या. नवी नवरी त्यांच्याजवळ मान खाली घालून बसली होती. गल्लीतल्या बायका नवरीला बघायला आलेल्या होत्या.

आत्याबाई घरातून बाहेर आल्या. कोणाकडे न बघता त्या दोरीपाशी गेल्या आणि त्यांनी ते धोतर ओढलं. मला वाटलं, बाजू पालटून घालणार. त्या ते हातात घेऊन परसाकडे आल्या, माझ्या पुढ्यात उभ्या राहिल्या, आणि त्यांनी ते हंड्यात टाकलं.

"वयनी!" आतेसासू पाटावरून उठल्या. "येड लागलं काय वं तुमाले?"

आत्याबाईंनी माझ्या हातातली काठी घेतली. धोतर खाली दाबलं, थांबल्या, आणि काठीवर वर उचललं. खारानं लाल झालेली हळद आणि तिच्यातून निघणारी वाफ. नवरीनं ते पाहिलं आणि ती रडायलाच लागली. बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"पाह्यलं का?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "हयद हाय हे. खारात गेली का लाल होते. तुमच्या कपायावर तेच हाय, बाई."

आतेसासूंचा हात कपाळाकडे गेला.

"तवाबी म्याच टाकलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "या पोरीनं नाई. गाठोडं म्या सोडलं, म्या वतलं. इच्या हातात मंग काठी देल्ली. माया लेकाची हयद माया हातानं खारात गेली. आता काय बोलाचं ते मले बोला."

काठीवरून लाल पाणी थेंब थेंब हंड्यात पडत होतं. आत्याबाईंनी काठी खाली केली नाही. मग त्या तशाच मागे वळून न बघता म्हणाल्या, "गाडी सोडाले सांगा. हे पोरगी कुठी जात नाई."

मामंजी ओसरीवर येऊन उभे होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि गाडीवानाला हातानं खूण केली. आतेसासू पुन्हा पाटावर बसल्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

आत्याबाई नव्या नवरीला म्हणाल्या, "रडू नोको. लिंबं आन जाय."

ती पोर डोळे पुसत गेली आणि ओंजळभर लिंबं घेऊन आली. आम्ही धोतर घंगाळात घेतलं. आत्याबाई लिंबं कापत होत्या, मी पिळत होते. लाल जिथे रस पडेल तिथून मागे सरकत होतं आणि पिवळं वर येत होतं. लिंबं मी रोज पिळत आले होते, शाईसाठी, गंजासाठी, कशाकशासाठी. त्या दिवशी बोटांच्या भेगांत रस गेला आणि झोंबलं. इतकं झोंबलं की हात मागे घ्यावा लागला. आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "झोंबून राह्यलं." आणि मग मला रडू आलं, यांच्या वेळी न आलेलं सगळं. आत्याबाई लिंबं कापत राहिल्या. त्यांनी मला उगी म्हटलं नाही.

माझं बोचकं खांबाजवळून कोणी उचललं ते मला माहीत नाही. संध्याकाळी ते माझ्या खोलीत जागेवर होतं.

गल्लीतलं बोलणं एका दिवसात थांबलं असं नाही. काही बायका पुढेही बाजूला व्हायच्या, सवय लागली की पाय आपणच वळतात. पण नव्या जावेनं माझ्याकडून खार धरायला शिकून घेतलं, आणि तिची पोरं माझ्या पदराला हात पुसत मोठी झाली. दिरांना कधी काही झालं नाही. ते नातवंडं खेळवून, चांगले म्हातारे होऊन गेले. त्यांच्या धोतराच्या काठालाही गुलाबी झाक राहिली होती, आणि कंट्रोलच्या दिवसांत दुसरं मिळेना, म्हणून ते तेच नेसायचे.

मला पुष्कळ दिवस वाटत होतं, की आत्याबाईंचा त्या रितीवरचा विश्वास तोवर उडाला असावा. वर्षं गेली, शहाणपण आलं, म्हणून त्या तसं करू शकल्या असतील. पण त्या साली मी त्यांना बघत होते. दीर नुसते शिंकले तरी त्या हातातलं काम टाकून उठायच्या. शेतातून यायला त्यांना उशीर झाला की वेशीपर्यंत जाऊन उभ्या राहायच्या. रात्री उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी कान लावायच्या. वेचणीचे दिवस आले तेव्हा त्यांचं जेवण जवळजवळ सुटलं. वेचणी संपली, कापूस घरात पडला, तेव्हा कुठे त्या पोटभर जेवल्या.

नंतर एकदा परसात आम्ही चादर पिळत होतो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी विचारलं, "आत्याबाई, तुमचा इस्वास नव्हता काय त्या गोष्टीवर?"

त्यांनी पीळ घट्ट केला. पाणी निथळून जाईपर्यंत त्या थांबल्या.

"होता वं," त्या म्हणाल्या. "आताबी हाय."

मग त्यांनी चादर माझ्या हातात दिली आणि नीळ कालवायला बसल्या.